बांधा, डागा, शिवा, उचला : निखळणाऱ्या खांद्याचा इतिहास

जिममधल्या ट्रेनरला विचारा किंवा फिजिओथेरपिस्टने दिलेला कागद उघडून बघा, एक आकडा हमखास सापडतो. ३ गुणिले १०. तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये दहा वेळा. गुडघा दुखत असो, खांदा सरकत असो, नाहीतर नुसतीच ‘बॉडी बनवायची’ असो, आकडा तोच. मी कोड लिहून पोट भरते. कोडमध्ये असा कुणीच न समजावलेला आकडा दिसला की तो कुणी, कधी आणि का टाकला ते शोधायची सवय लागलेली असते. हा तीन कुणी ठरवला? आणि दहाच का?

मला हा प्रश्न पडायला कारण आहेत माझे खांदे. ते जन्मापासून सैल आहेत. माझा अंगठा मागे वाकून मनगटाला टेकतो, कोपरं उलट्या बाजूला थोडी वाकतात. शाळेत ही करामत होती, मधल्या सुट्टीत मुली बघायला जमायच्या. पंचविशीनंतर मात्र खांदे आपल्या मर्जीने वागायला लागले. एसटीच्या रॅकवरून बॅग काढताना सरकले, कुशीवर झोपल्यावर सरकले, एकदा तर ओढणी मागे टाकताना. कुठे पडले नव्हते, कुणी हात पिरगाळला नव्हता. एका डॉक्टरांनी सांगितलं, वजन अजिबात उचलायचं नाही. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, वजन उचलल्याशिवाय हे खांदे जागेवर राहणारच नाहीत. दोघंही शिकलेले, दोघंही अनुभवी. ऑपरेशन करायचं का, हा प्रश्न वर लोंबकळत होताच.

मग मी वाचायला लागले. वाचता वाचता लक्षात आलं की या दोन डॉक्टरांचं भांडण माझ्या खांद्यावरून सुरू झालेलं नाही. ते किमान अडीच हजार वर्षं जुनं आहे.

चमच्यातलं लिंबू

आधी सांधा समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्या रचनेतून निघतो.

सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार दिलेत. त्यातला एक ‘उलूखल’, म्हणजे आपलं उखळ. काख, जांघ आणि दातांची मुळं या तिन्हींना सुश्रुताने उखळ म्हटलंय. जांघेच्या बाबतीत ते चपखल बसतं. मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत नीट रुतलेला असतो. खांद्याचं उखळ मात्र नावालाच आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याच्यासमोरची खोबण उथळ. कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच खोबणीला टेकलेला असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातली चमचा-लिंबू शर्यत आठवा. खांदा म्हणजे तो चमचा आणि ते लिंबू. हात डोक्यावर नेता येतो, पाठ खाजवता येते, चेंडू फेकता येतो, या सगळ्याची किंमत म्हणजे हा उथळ चमचा.

मग लिंबू पडत का नाही? दोन बंदोबस्त आहेत. पहिला बांधणीचा. खोबणीच्या काठाला लॅब्रम नावाची कूर्चेसारखी कड असते, तिने खोबण थोडी खोल होते. भोवती अस्थिबंध आणि पिशवीसारखं आवरण असतं. दुसरा बंदोबस्त स्नायूंचा. रोटेटर कफ म्हणतात ते चार स्नायू गोळ्याला पुढून, वरून आणि मागून खोबणीत दाबून धरतात. आणि खुद्द चमचा, म्हणजे खांद्याचं पातं, पाठीवर इकडून तिकडे सरकत असतं. लिंबू कलंडायला लागलं की आपण चमचा त्याच्याखाली नेतो, तसंच पातं करतं.

बांधणी बिघडली तर खांदा निखळतो. स्नायूंनी वेळेवर काम केलं नाही तरी निखळतो. म्हणजे दुरुस्तीलाही दोन दारं आहेत: बांधणी आवळा, नाहीतर स्नायूंना कामाला लावा. आवळणारे आणि कामाला लावणारे, यांचाच हा इतिहास आहे.

तापलेली सळई

हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसंग्रहात सांध्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला. त्याची सुरुवातच खांद्यापासून होते, आणि लिहिणाऱ्या वैद्याने भरपूर खांदे हाताळलेले असणार हे पानापानावर जाणवतं. तो सांगतो की ज्यांचा खांदा वारंवार निखळतो ते बहुतेक वेळा स्वतःच तो बसवतात: दुसऱ्या हाताची मूठ काखेत घालायची, सांधा वर रेटायचा आणि कोपर छातीकडे ओढायचं. शिडी, दार, फळी, वैद्याची टाच, वैद्याचा खांदा, अशा बसवण्याच्या अनेक तऱ्हा त्याने नोंदवल्यात.

मला थांबवलं ते त्यापुढच्या भागाने. वारंवार निखळणाऱ्या खांद्यामुळे चांगल्या चांगल्या मल्लांना आखाडा सोडावा लागला, आणि कितीतरी जण याच कारणाने लढाईत निकामी ठरून मारले गेले, असं तो म्हणतो. म्हणजे तेव्हाही हा आजार तरुणांचा होता आणि ज्याचं सगळं आयुष्य हातावर चालतं त्याला तो उठवत होता.

त्याचा उपाय होता डागणी. काखेतली कातडी बोटांनी ओढून धरायची आणि बारीक, लांब, लालबुंद तापवलेल्या सळयांनी ती डागायची. रक्तवाहिन्या आणि गाठी टाळून. मग हात दिवसरात्र शरीराला बांधून ठेवायचा. जखम भरताना व्रण आकसतो, आणि ज्या रिकाम्या जागेत गोळा घसरायचा ती जागा बंद होते. वर, पुढे, मागे कुठेही डागणाऱ्या इतर वैद्यांवर तो कडाडून टीका करतो. गोळा खाली काखेत उतरतो, मग वर डागून तुम्ही त्याला आणखी खालीच ढकलणार, असा त्याचा मुद्दा. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण विचार पक्का आहे: बिघाड कुठल्या दिशेला आहे ते आधी ओळखा आणि नेमकी तीच बाजू आवळा. पुढची दोन हजारांहून अधिक वर्षं शल्यचिकित्सक हेच करत आले, फक्त हत्यारं बदलली.

माती, मीठ, दगड

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांवर चिकित्सास्थानात एक अख्खा अध्याय आहे. खांद्याचा सांधा निखळला तर काखेतून मुसळाने वर उचलायचा, जागेवर बसला की स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधायचा, असं तिथे सांगितलंय. उखळासाठी मुसळ! योगायोग असेल, पण मला हसू आलं.

त्याच अध्यायात पुढे हाताच्या तळव्याच्या दुखापतीबद्दल एक सूचना आहे. हाड जुळून आल्यावर रुग्णाने आधी मातीचा गोळा हातात धरायचा. त्यानंतर मिठाचा खडा. आणि हातात बळ आलं की दगड.

हे मी तीन वेळा वाचलं. क्रमाने जड होत जाणाऱ्या तीन वस्तू. पुढच्या वस्तूकडे कधी जायचं, तर ठरावीक दिवस झाल्यावर नाही, बळ आल्यावर. आज फिजिओथेरपीत ज्याला ‘प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड’ म्हणतात, त्याची सगळी कलमं या एका सूचनेत आहेत. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ या व्हॉट्सॲपी थाटात मी हे सांगत नाहीये. ही सूचना तळव्यासाठी आहे, खांद्यासाठी नाही. खांद्यासाठी तिथेही बंधच सांगितलाय. पण दुखावलेल्या अवयवावर भार हळूहळू वाढवत नेला तर तो बळकट होतो, ही गोष्ट कुणीतरी बघितली होती आणि लिहून ठेवली होती, एवढं खरं.

तालमींमध्ये ही समज वेगळ्या वाटेने जिवंत राहिली. मुद्गल, करेला, गदा ही सगळी खांद्याची साधनं आहेत. वजन टोकाला, मूठ दुसऱ्या टोकाला, त्यामुळे फिरवताना खांद्याला सतत सावरावं लागतं. भारतात आलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी ती पाहिली आणि उचलली. १८३४ मध्ये डोनल्ड वॉकरच्या व्यायामावरच्या इंग्रजी पुस्तकात ‘इंडियन क्लब’ दाखल झाले. तिथून ते अमेरिकेत गेले, शाळांत गेले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची चक्क स्पर्धा झाली.

पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मुद्गल डोक्यामागे जातो तेव्हा हात वर आणि बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. खांदा पुढच्या बाजूला निखळण्याची सगळ्यात सोयीची स्थिती हीच. डॉक्टर तपासताना हात याच स्थितीत नेतात आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघतात. धडधाकट खांद्याला जे साधन बळ देतं तेच सैल खांद्याला पहिल्या दिवशी बाहेर काढू शकतं. माती आणि मीठ वगळून थेट दगडाकडे जाता येत नाही.

शिवणकाम

एकोणिसाव्या शतकात भूल आणि निर्जंतुकीकरण आलं आणि खांदा उघडून बघता यायला लागला. १८९० मध्ये ब्रोका आणि हार्टमान या फ्रेंच डॉक्टरांनी, १९०६ मध्ये जर्मनीत पर्थेसने, निखळलेल्या खांद्यांत खोबणीची कड आणि आवरण सुटून आल्याचं मांडलं. पण नाव चिकटलं ते लंडनच्या आर्थर सिडनी ब्लंडेल बँकार्टचं. १९२३ मध्ये त्याने ठामपणे लिहिलं की वारंवार निखळणाऱ्या खांद्यातला खरा बिघाड म्हणजे पुढच्या बाजूची ही उखडलेली कड. ती परत हाडाला शिवा, काम झालं. १९३८ मध्ये त्याने आपले २७ रुग्ण मांडले आणि एकाचाही खांदा पुन्हा निखळला नाही असं सांगितलं. आजही दुर्बिणीतून जे ऑपरेशन होतं त्याला ‘बँकार्ट रिपेअर’च म्हणतात.

बँकार्टसारखा नेमकेपणा सगळ्यांकडे नव्हता. त्या काळात खांदा आवळायच्या ऑपरेशनांचं पेवच फुटलं होतं. पुट्टी-प्लॅट नावाच्या लोकप्रिय ऑपरेशनमध्ये पुढचा स्नायू आणि आवरण आखूड करून शिवत. खांदा निखळायचा थांबे, पण हात बाहेरच्या बाजूला पूर्वीसारखा वळत नसे. फार आवळलेल्या काही खांद्यांमध्ये वर्षांनंतर सांधा झिजल्याचंही दिसून आलं. लिंबू पडू नये म्हणून ते चमच्याला चिकटवून टाकलं, तर शर्यत कशी धावणार?

आणि माझ्यासारख्यांचं काय? ज्यांचं काही उखडलेलंच नाही, आवरणच मुळात ढगळ आहे? १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीयरने त्याचा सहकारी फॉस्टरसोबत ३६ रुग्णांच्या ४० खांद्यांबद्दल लिहिलं. हे खांदे पुढे, मागे आणि खाली, सगळीकडे सरकत. नीयरचं म्हणणं असं की अशा खांद्याची एकच बाजू आवळली तर गोळा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. मांडवाची एकाच बाजूची दोरी ओढली की खांब पलीकडे कलतो, तसं. म्हणून त्याने सगळं आवरण खालून वर ओढून घेण्याची पद्धत काढली. पण हे ऑपरेशन व्यायामाने फरक न पडलेल्यांसाठीच होतं.

या क्षेत्रातल्या डॉक्टरांनी पुढे खांद्यांचे ढोबळ दोन गट केले. मी त्यांना शिंप्याच्या भाषेत ओळखते: उसवलेले आणि ढगळ शिवलेले. पडून, आपटून, हिसका बसून ज्यांची शिवण उसवली ते पहिले. कापडच सैल असलेले दुसरे. मधले खूप असतात, पण हा फरक डोक्यात ठेवला नाही तर पुढचे आकडे एकमेकांशी भांडायला लागतात.

शिकागोतला लोखंडी बूट

आता ३ गुणिले १० चा उलगडा.

१९४४-४५. दुसरं महायुद्ध. शिकागोतलं गार्डिनर जनरल हॉस्पिटल जखमी सैनिकांनी भरून गेलेलं. तिथे थॉमस डीलॉर्म नावाचा विशीतला लष्करी डॉक्टर होता. अलाबामातला. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला आणि नंतर वजनं उचलून पुन्हा उभा राहिलेला. तेव्हाची रीत अशी होती की दुखापतीनंतर हलकं वजन घ्यायचं आणि भरपूर वेळा हलवायचं. सैनिक महिनोन्‌महिने खाटा अडवून बसत. डीलॉर्मने उलटं केलं. पायाला लोखंडी बूट बांधायचा, त्यात वजनं अडकवायची आणि दहा वेळाच उचलता येईल इतकं जड ठेवायचं. अकराव्यांदा जमता कामा नये. ताकद वाढली की वजन वाढवायचं. गुडघ्यांच्या दुखापती झालेले सैनिक अपेक्षेपेक्षा लवकर उठले. १९४५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

सुरुवातीला तो असे सात ते दहा सेट करून घेत असे. मग लक्षात आलं की इतक्यांची गरज नाही. १९४८ मध्ये वॉटकिन्ससोबत त्याने नवा आराखडा दिला. पहिला सेट आपल्या दहा वेळच्या कमाल वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण. तीन सेट, दहा-दहा वेळा. तुमच्या जिममधल्या फळ्यावर आणि माझ्या फाइलमधल्या कागदावर आहे तो हाच आकडा. फक्त निम्मं-पाऊण-पूर्ण ही त्यातली खरी अक्कल वाटेत गळून पडली आणि नुसती संख्या उरली.

डीलॉर्मचा बूट गुडघ्यासाठी होता. खांद्याचं गणित त्याच सुमारास इनमन, साँडर्स आणि ॲबट या तिघांनी मांडलं, १९४४ मध्ये. जिवंत माणसांच्या हाडांत टाचण्या बसवून त्यांनी हात वर जाताना पातं किती फिरतं, दंड किती फिरतो ते मोजलं. ढोबळमानाने दंड दोन अंश फिरला की पातं एक अंश फिरतं. डेल्टॉइड गोळ्याला वर खेचतो तेव्हा कफचे स्नायू त्याला खाली आणि आत दाबतात, जोडीने काम चालतं. म्हणजे खांद्याचा व्यायाम म्हणजे एका स्नायूची ताकद नाही. कोण कधी ओढतो याचा ताल त्यात आहे. आज माझ्या व्यायामात निम्मा वेळ पात्यावरच जातो, त्याचं मूळ इथे आहे.

दोन अकादम्या

मग प्रश्न उरतो: व्यायामाने निखळणारा खांदा खरंच थांबतो का?

१९८४ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या २० छात्रांचा अभ्यास आला. सगळ्यांचा खांदा पहिल्यांदाच निखळलेला. त्यांना ऑपरेशनऐवजी कडक व्यायाम दिला, आणि ताकद पूर्ण परत येईपर्यंत धोक्याच्या हालचाली बंद. सरासरी तीन वर्षांनंतर ७५ टक्के जणांचा खांदा जागेवर होता. व्यायामवाल्यांचा विजय.

दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच देशाच्या लष्करी अकादमीतून, वेस्ट पॉइंटवरून दुसरा अभ्यास आला. ऑपरेशन न केलेल्या १५ पैकी १२ जणांचा खांदा पुन्हा त्रास द्यायला लागला. दुर्बिणीतून शिवलेल्या २१ पैकी फक्त तिघांचा. शिवणाऱ्यांचा विजय.

तरुण तेच, कवायत तशीच, निकाल उलटे. दोन्ही अभ्यास छोटे, व्यायाम वेगळा, मोजण्याची रीत वेगळी. माझ्या कामात वीस जणांवर चाचणी घेऊन कुणी नवीन फीचर सगळ्यांसाठी सोडलं तर मीटिंगमध्ये त्याची खैर नसते. इथे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे खांदे अशाच आकड्यांवर ठरत आले.

मध्ये १९९२ मध्ये टेक्सासचे बर्कहेड आणि रॉकवूड यांनी जे केलं ते मला सगळ्यात उपयोगी वाटलं. त्यांनी एकच व्यायामक्रम १४० खांद्यांना दिला आणि निकाल गटांप्रमाणे वेगळे मांडले. दुखापतीने सैल झालेल्या ७४ खांद्यांपैकी चांगला किंवा उत्तम निकाल फक्त १२ जागी, म्हणजे १६ टक्के. दुखापत नसताना सरकणाऱ्या ६६ पैकी ५३ जागी, म्हणजे ८० टक्के. व्यायाम तोच. उसवलेल्याला त्याने फारसं तारलं नाही, ढगळाला तारलं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी लॅपटॉप बंद करून शांत झोपले. दोन डॉक्टरांपैकी माझ्या खांद्याबद्दल कोण बोलत होतं ते कळलं होतं.

उसवलेल्यांसाठी व्यायाम निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. श्रेयस अय्यर आठवा. मार्च २०२१, पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियम, इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना. सूर मारताना डावा खांदा अर्धवट निखळला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. सप्टेंबरमध्ये तो आयपीएलला परतला आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणात शतक ठोकलं. बातमीत आपल्याला ऑपरेशन दिसतं. पण टाके घातले की मधले महिने याच माती-मीठ-दगडाचे असतात. शिवलेला खांदाही शेवटी स्नायूच सांभाळतात.

आणि ‘शिवलं नाही तर खांदा जन्मभर निखळतच राहणार’ ही भीतीही पूर्ण खरी नाही. स्वीडनमध्ये होवेलियस आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा खांदा निखळलेल्या शेकडो रुग्णांवर तब्बल २५ वर्षं नजर ठेवली. निष्कर्ष २००८ मध्ये आले. १२ ते २५ वयात खांदा निखळलेल्या आणि ऑपरेशन न केलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा खांदा एकतर पुन्हा निखळला नाही किंवा काळाबरोबर स्थिर झाला. आणखी एक गोष्ट दिसली: सुरुवातीला तीन-चार आठवडे हात गळ्यात बांधून ठेवला काय किंवा नाही काय, पुढे निखळण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. दिवसरात्र हात बांधून ठेवायला सांगणारा तो ग्रीक वैद्य इथे नक्की चिडला असता.

जड की हलकं?

एवढं कळल्यावरही पहिल्या डॉक्टरांची शंका उरतेच. व्यायाम ठीक, पण सैल खांद्याला जड वजन कशाला? रंगीत रबरी पट्ट्या ओढा की. कितीतरी वर्षं सैल खांद्यांना हेच मिळत आलं: हलकी पट्टी, भरपूर वेळा. डीलॉर्मच्या आधीचीच रीत.

२०२२ मध्ये डेन्मार्कमधून याचं थेट उत्तर आलं. अतिलवचिक सांधे आणि त्रास देणारे खांदे असलेल्या १०० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला टप्प्याटप्प्याने वाढणारी जड वजनं, पूर्ण हालचालीसह. दुसऱ्याला नेहमीचा हलका व्यायाम. सोळा आठवडे, आठवड्यातून तीनदा. शेवटी खांद्याच्या रोजच्या वापराबद्दलच्या प्रश्नावलीत जड गट पुढे होता. गंभीर इजा झाल्या नाहीत. स्नायू तात्पुरते आंबणं जड गटात जास्त होतं, ते ओघाने आलंच. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. जड गटाला फिजिओथेरपिस्टची देखरेख बरीच जास्त होती, त्यामुळे फायदा वजनाचा किती आणि देखरेखीचा किती हे वेगळं काढता येत नाही. पण ‘सैल सांध्याला वजन म्हणजे संकट’ ही समजूत मात्र तिथे टिकली नाही.

हे सगळं वाचून मी ऑपरेशनचा विषय वर्षभर पुढे ढकलला आणि दुसऱ्या डॉक्टरांचा कागद भिंतीवर लावला. पहिले दोन महिने कंटाळवाणे गेले. भिंतीला तळवे टेकून पातं पुढे-मागे करायचं. कोपर कमरेला चिकटवून, दुमडलेल्या टॉवेलसकट, अर्ध्या किलोने हात बाहेर वळवायचा. आरशात बघत. माझ्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा शंभर किलोची डेडलिफ्ट मारत असे आणि मी अर्ध्या किलोशी झटत असे. मग रोइंग, मग जमिनीवर कोपरांवर तोल, मग हळूहळू डंबेल खांद्याच्या उंचीपर्यंत, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर. प्रत्येक पायरीला नियम एकच: बळ आलं तर पुढे, नाही आलं तर तिथेच. वही ठेवली. आता चौदा महिने झालेत. खांदे सरकण्याच्या नोंदी आधी आठवड्याला दोन-तीन होत्या, गेल्या चार महिन्यांत मिळून एक आहे. सहा किलोचं डंबेल दहा वेळा डोक्यावर जातं. सैलपणा गेलेला नाही, अंगठा अजून मनगटाला टेकतो. कापड ढगळच आहे, आतले हात घट्ट झालेत.

माझ्या वहीवरून कुणी आपला निर्णय घेऊ नये. एका माणसाची वही म्हणजे अभ्यास नव्हे, आणि तुमचा खांदा क्रिकेट खेळताना किंवा बाइकवरून पडून निखळला असेल तर तुमचा गटच वेगळा आहे. तुम्ही विशीत असाल तर शिवण्याचा विचार लवकर करावा लागेल, आणि तो विचार भित्रेपणाचा नाही. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: माझा खांदा उसवलाय की ढगळ आहे? पुढे बांधायचं, शिवायचं की उचलायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. आणि कुणी कागदावर ३ गुणिले १० लिहून दिलं, तर त्यातला निम्मा, पाऊण आणि पूर्ण भार तुमच्यासाठी किती, तेही विचारून घ्या.